दोन नंबरची काठी

१

भिंतीवर सात खुंट्या होत्या, सात खुंट्यांवर सात काठ्या होत्या, आणि तरीही पिराजी खाडे सांगत होते की त्यांची एक काठी चोरीला गेलीय.

"मोजा की तुम्हीच, फौजदारबाई," ते म्हणाले. "सात भरत्यात. पर दोन नंबरची ही माझी न्हाय. कुणीतरी बदललीया."

संयोगिता इंगवलेला पोलिसातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. पण राजारामपुरीतल्या त्या गल्लीत 'फौजदारबाई' हे नाव काही तिला सोडत नव्हतं. दर गुरुवारी सकाळी ती पिराजींकडे, गल्लीच्या आबांकडे, चहाला यायची. आज चहा राहिला बाजूला. आबा तिला दारातूनच मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेले होते.

आबांचं वय एक्याऐंशी. उद्यमनगरात लेथवर चाळीस वर्षं काढून निवृत्त झाले, आणि एक जुना लेथ विकत घेऊन घरामागं मांडून बसले. गल्लीतली माणसं पंपाची दुरुस्ती घेऊन येत, ती आबा करून देत. पण त्यांचा जीव त्यात नव्हता. ते फौजेसाठी वस्तू करत. खंदकातून डोकं वर न काढता बाहेर बघायचा आरसा, पाठीवर घडी करून नेता येईल असं स्ट्रेचर, बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाला बांधायची जाळी. प्रत्येक वस्तूचं चित्र काढून ते दिल्लीला पाठवत. दिल्लीहून एकच उत्तर येई, आपलं पत्र मिळालं. तीही उत्तरं त्यांनी फायलीत लावून ठेवली होती.

सगळ्यांत जास्त जीव त्यांनी सुरुंगकाठीत, म्हणजे जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायच्या काठीत, घातला होता. पोटावर न झोपता, उभ्यानं जमीन टोचत जायचं. टोकाला सुईसारखं पोलाद, त्याच्यावर स्प्रिंग. सुईला काही कठीण लागलं की स्प्रिंग दबायची आणि मुठीतल्या पितळी वाटीत टिक असा आवाज यायचा. टिक वाजली की थांबायचं. पंचवीस वर्षांत आबांनी अशा सात काठ्या केल्या, एकीपेक्षा एक सुधारलेली. येत्या रविवारी शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रदर्शनात त्या सातही काठ्या ओळीनं मांडल्या जाणार होत्या. आबांच्या नावाचं पहिलंच निमंत्रण होतं ते.

संयोगितानं दोन नंबरच्या खुंटीवरची काठी खाली काढली. साधी लोखंडी सळई होती. मुठीवर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं, आणि रबराचं टोक जाड पांढऱ्या दोऱ्यानं घट्ट बांधलेलं. वाटी नाही, स्प्रिंग नाही.

"माझी नजर गेलीया म्हणून वाटलं असंल, म्हाताऱ्याला काय कळतंय," आबा म्हणाले. "मोतीबिंदू डोळ्यांत हाय, हातात न्हाय. सकाळी उचलली अन् वजनातच फरक लागला."

"शेवटची कधी उचलली होती?"

"मंगळवारी. काल दिवसभर डोळ्यांच्या दवाखान्यात गेलतो."

मग आबांनी २००१ सालची वही उघडून तिच्यासमोर धरली. प्रत्येक काठीचं चित्र ज्या त्या वर्षाच्या वहीत होतं. या वहीतलं एक पान पट्टी लावून ब्लेडनं कापल्यासारखं सरळ काढलेलं होतं.

संयोगितानं सात नंबरच्या काठीकडं बघितलं. चकचकीत, हलकी, आबांच्या सगळ्या अकलेचं सार. ती जागच्या जागी होती. आणि चोरानं नेली होती ती ओबडधोबड, चोवीस वर्षांची जुनी.

"आबा," ती म्हणाली, "हे शोधायचं का? की सहाच काठ्या मांडायच्या?"

"शोधा," आबा म्हणाले. "अन् जे काय निघंल ते मला सांगायचं. माझ्यापास्नं लपवायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," संयोगिता म्हणाली.

हा शब्द आपण किती सहज देऊन टाकला, हे तिला नंतर बरेच दिवस आठवत राहिलं.

२

शेडच्या कुलपाची किल्ली स्वयंपाकघरात दारामागं लटकलेली असायची. कुलूप आबांनीच केलेलं. किल्ली आधी उलटी फिरवल्याशिवाय ते उघडत नसे. ही खोड तिघांना माहीत होती. पुतण्या विश्वजित, जुने सोबती भीमाप्पा, आणि सून निशिगंधा.

विश्वजितची गल्लीच्या तोंडाला मोबाइलची शोरूम होती. काका मेल्यावर नव्हे, आत्ताच ती शेड पाडून तिथं मुलांसाठी अभ्यासिका काढावी, असं तो चार वर्षं म्हणत होता.

"माझ्यावर संशय?" तो काउंटरमागून मोठ्यानं हसला. "व्हय, मी म्हणलं होतं, ते सगळं भंगारात घाला. तोंडावर म्हणलं होतं. पण बाई, त्या कॉलेजात काकांचं नाव दिलं कुणी, ठाऊक हाय? मी दिलं. फॉर्म मी भरला, फोटो मी काढले. प्रदर्शन झाल्यावर कॉलेजनं सगळं ठेवून घेतलं तर काकांचाबी मान, अन् माझीबी जागा मोकळी. मग त्यातलीच एक काठी मी कशाला उचलू?"

"काल कुठं होतास?"

"काकांबरोबरच. सकाळी नऊपास्नं चारपर्यंत दवाखान्यात. विचारा त्यांना."

ते खरं होतं. आबांनीही तेच सांगितलं होतं.

भीमाप्पा शाहूपुरीत मुलाकडं राहायचे. मूळचे निपाणीकडचे, फाउंड्रीत ओतकाम करून म्हातारे झालेले. आबांच्या सगळ्या काठ्यांच्या पितळी वाट्या त्यांच्या हातच्या. त्यांचा राग गल्लीला माहीत होता. निमंत्रणपत्रिकेवर नाव एकट्या पिराजीचं होतं.

"राग हाय, अक्का, खोटं कशाला बोलू," भीमाप्पा म्हणाले. "सात वाट्या माझ्या. माझं नाव कुठं हाय? पर चोरायचीच तर सात नंबरची चोरीन. दोन नंबरची कोण नेतंय? ती बिनकामाची होती."

"बिनकामाची का?"

"स्प्रिंग लई कडक. एका पंपाच्या व्हॉल्व्हमधली मीच आणून दिलती. मी पिराजीला म्हणलं, अण्णा, ही दबायची न्हाई. तो म्हणला, फौजेचं सामान हाय, दणकट पायजे. पुढं फौजेतल्या त्याच्या पोरानंबी पत्रात तेच लिवलं, आबा, स्प्रिंग कडक हाय. मग पिराजीनं मऊ स्प्रिंगची तीन नंबरची केली. ती पाठवायच्या आधीच..." भीमाप्पांनी हात हलवून वाक्य सोडून दिलं.

"काल तुम्ही कुठं होता?"

"निपाणीला. भाचीच्या पोराचं बारसं. आज सकाळच्या गाडीनं आलोय."

त्यांच्या मुलानं मोबाइलवर बारशाचे फोटो दाखवले. तांबडा फेटा बांधलेले भीमाप्पा मधोमध बसले होते.

संयोगिता बाहेर आली आणि स्कूटरवर नुसतीच बसून राहिली. आता एकच नाव उरलं होतं, आणि त्या नावाला तिच्याजवळ काहीच कारण नव्हतं. निशिगंधा लग्नानंतर वर्षभरात विधवा झाली. माहेरच्यांनी न्यायला येऊन येऊन नाद सोडला, पण ती गेली नाही. सासूचं दुखणं काढलं, सासऱ्याला जपलं. अशी बाई सासऱ्याच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका मानाच्या दिवसाआधी त्याची काठी का पळवील?

३

दुपारी ती पुन्हा आबांकडे गेली. निशिगंधा शाळेत होती. ती एका हायस्कूलच्या ऑफिसात हेडक्लार्क होती, साडेपाचशिवाय घरी येत नसे.

"आबा, दोन नंबरचीच काठी का गेली असावी? तिच्यात काय होतं?"

आबा लेथवरचा चुरा फुंकत म्हणाले, "ती जोडीनं केलती मी. एक हितं ठेवली, दुसरी माझा पोरगा धैर्यशील सुट्टीवर आलता तवा त्याला दिली. इंजिनिअर पलटणीत होता. शिवंवर पेरलेलं सुरुंग काढायचं काम त्यांच्याकडं. त्याचं पत्र आलं, स्प्रिंग कडक हाय. मी त्याच दिवशी उलट लिवलं, ती वापरू नकोस, पेटीत ठिवून दे, नवी पाठवतो. नवी झाली. पार्सल शिवून तयार. अन् फोन आला."

"मग त्याच्याजवळची काठी?"

"पेटीतच होती. सूनबाईनंच सांगिटलं. म्हणली, पलटणीनं ती आठवण म्हणून ठिवून घेतली." आबांनी मान खाली घातली. "चार दिस, बाई. तीन नंबरची चार दिस आधी गेली असती, तर पोरगं वाचलं असतं. काठी पेटीत अन् पोरगं मोकळ्या हातानं रानात. म्हणून तर पुढच्या चार केल्या. दुसऱ्या कुणाचं तरी वाचंल."

संयोगितानं पेटीबद्दल विचारलं. पेटीबरोबर काही कागद आले होते का? आबांनी निशिगंधाच्या कपाटातून पेन्शनच्या कागदांची फाईल आणून तिच्या हातात दिली. "मी कवा उघडली न्हाई. धीरच झाला न्हाई. तुम्ही बघा."

फायलीत खाली एक टंकलेला हिंदी कागद होता. जवानाच्या पेटीतलं सामान घरी पाठवताना केलेली यादी. शर्ट चार. स्वेटर एक. दाढीचं सामान. रेडिओ. देवाचा फोटो. चिठ्ठ्या सात, त्यांतली एक बंद.

संयोगितानं ती यादी दोनदा वाचली.

यादीत काठी नव्हती. ठेवून घेतलेल्या वस्तूंचा वेगळा रकानाही होता, आणि तो कोरा होता. आणि एक पत्र बंद होतं, म्हणजे धैर्यशीलनं ते फोडलंच नव्हतं. शेवटी आलेलं पत्र.

"काय हाय?" आबांनी विचारलं.

"काही नाही. कपड्यांची यादी," ती म्हणाली. ती यादी कशीबशी फायलीत सरकवून तिनं फाईल तिथंच लेथशेजारच्या बाकावर ठेवली, आणि पाण्याचं निमित्त करून बाहेर पडली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पुराव्याचा कागद तिनं कधी असा उघड्यावर टाकला नव्हता.

रस्त्यावर आल्यावर तिनं पर्समधली निमंत्रणपत्रिका काढली. मंगळवारी गल्लीत सगळ्यांना वाटलेली. खाली परीक्षकांची तीन नावं होती. दोन प्राध्यापक. तिसरं नाव, निवृत्त सुभेदार गणपतराव देसाई, इंजिनिअर रेजिमेंट, गारगोटी.

४

शुक्रवारी सकाळी ती गारगोटीच्या एसटीत बसली. बिद्रीजवळ उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता, तिथं अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात दोनदा तिच्या मनात आलं, उतरावं आणि परत जावं.

सुभेदार बाजारपेठेच्या मागं राहत होते. सत्तरीचा ताठ माणूस. अंगणात दोन म्हशी आणि दारात स्वच्छ सारवलेली जागा. संयोगितानं नाव सांगितलं, कोल्हापूरहून खाड्यांकडून आले म्हणाली, आणि पुढं काही बोलण्याआधीच सुभेदारांनी विचारलं,

"निशिगंधानं पाठवलं का तुम्हाला?"

संयोगिता खुर्चीत बसली. तिला यापुढं फारसं विचारावं लागलं नाही.

"मी तवा हवालदार होतो," सुभेदार म्हणाले. "धैर्यशील माझ्याच टोळीत. सरकारी सळई होती की प्रत्येकाकडं, पोटावर झोपून तिरकी टोचायची. हा गडी बापाची काठी घेऊन यायचा. म्हणायचा, हवालदारसाब, कंबर मोडत न्हाई हिनं, ऐका टिक कशी वाजतीया. आम्ही हसायचो. दोन-तीन बारी बरोबर वाजलीबी. मी त्याला थांबवायला पायजे होतं. माझं काम होतं ते."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशी टिक वाजली न्हाई." सुभेदारांनी अंगणातल्या म्हशींकडं बघितलं. "स्प्रिंग दबायच्या आधी सुरुंग दबला. मी वीस पावलांवर हुतो. काठीचं तुकडं मीच गोळा केलं अन् मीच पुरलं. अहवालात काठीचं नाव येऊ दिलं न्हाई. सरकारी सोडून घरची वस्तू वापरली म्हणल्यावर पेन्शनीला खोट निघाली असती. त्याच्या बायकोला तेवढं खरं लिवलं. वाटलं, कुणा एकाला तरी ठावं असावं. तिचं दोन ओळींचं उत्तर आलं. आबांना हे कधीच कळता कामा नये, तुम्हाला तुमच्या मुलांची शपथ."

"आणि आता तुम्ही परीक्षक."

"मंगळवारी तिचा फोन आला. नाव कसं मागं घेऊ, पत्रिका छापलेली. अन् खरं सांगू, मलाबी त्या बापाला एकदा भेटायचं हुतं. मी तिला म्हणलं, पोरी, मी शब्द काढणार न्हाई. पर ती रबराच्या मुठीची, पितळी वाटीची काठी जर माझ्या डोळ्यांसमोर आली, तर माझं तोंड मला आवरंल का न्हाई, सांगता यायचं न्हाई."

५

दुपारी चारला संयोगिता निशिगंधाच्या शाळेत पोचली. ऑफिसात चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेले होते. प्रत्येक गठ्ठा जाड पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेला. तो दोरा संयोगितानं कालच बघितला होता, खोट्या काठीच्या मुठीवर.

निशिगंधानं तिच्याकडं बघितलं, मग दोऱ्याकडं बघितलं, आणि उठून ऑफिसचं दार लावून घेतलं.

"सांगा," ती म्हणाली. "कसं कळलं ते तरी सांगा."

"चोराला काठीचा शोध हवा असता तर त्यानं सात नंबरची नेली असती," संयोगिता म्हणाली. "पितळ हवं असतं तर सातही नेल्या असत्या. त्यानं जुनी नेली, तिच्या जागी दुसरी टांगली आणि वहीतलं तिचं चित्रही कापून काढलं. म्हणजे आबांना रविवारपर्यंत कळू नये, एवढीच त्याची धडपड. काठी कुणाला नको होती, ती फक्त कुणाच्या तरी नजरेला पडायला नको होती. पत्रिका मंगळवारी आली, काठी बुधवारी गेली. म्हणून मी परीक्षकांची नावं बघितली. विश्वजित आणि भीमाप्पा बुधवारी इथं नव्हते. तू बुधवारी अर्धी रजा टाकली होतीस, आत्ता बाहेर शिपायानं सांगितलं. आणि पेटीच्या यादीत काठी नाही, पत्र मात्र बंद आहे. बाकीचं गारगोटीला कळलं."

निशिगंधा खुर्चीत बसली. शेहेचाळीस वर्षांची ती बाई एकाएकी फार दमलेली दिसली.

"ते बंद पत्र माझ्याकडं आहे," ती म्हणाली. "आबांचं. वापरू नकोस, पेटीत ठेव. हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलं असणार. मी ते अजून फोडलेलं नाही. फोडायची गरजच नाही, आबा रोज तेच बोलतात. चार दिवस आधी काठी गेली असती तर. काठी हातात असती तर. मी रोज ऐकते, फौजदारबाई. भाकरी वाढताना ऐकते. काठी हातातच होती, हे मला माहीत असतं, आणि मी आमटी वाढते."

"एकदा तरी सांगावंसं वाटलं नाही?"

"कितीदा वाटलं. राग आला की वाटायचं. आबांनी पाचवी काठी करताना बोट कापून घेतलं तेव्हा तर तोंडापर्यंत आलं होतं. पण मग हा माणूस कशावर जगला असता?"

ती उठली आणि मागच्या खोलीत गेली. तिथं कोपऱ्यात जुने नकाशे गुंडाळून उभे केले होते, भारत, आशिया, जिल्हा कोल्हापूर. त्या लाकडी दांड्यांत दोन नंबरची काठी उभी होती. ती तिथं वर्षानुवर्षं राहिली असती तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं.

"जाळणार होते," निशिगंधा म्हणाली. "हात झाला नाही. एवढी एकच आहे ह्यांच्या हातातल्या काठीसारखी." तिनं संयोगिताचा दंड धरला. "तुम्ही आबांना सांगणार?"

संयोगितानं एक शब्द आबांना दिला होता. आता तिनं दुसरा दिला. "नाही. काही सापडलं नाही म्हणून सांगते. सहाच काठ्या मांडू. सुभेदारही गप्प राहतील."

निशिगंधा तेव्हा रडली. तिचं रडणं ऐकत असताना संयोगिताला बाकावर ठेवलेली फाईल आठवली.

६

दोघी रिक्षानं घरी पोचल्या तेव्हा अजून ऊन होतं. शेडचं दार सताड उघडं होतं. लेथ बंद होता. आबा स्टुलावर बसले होते. मांडीवर फाईल, एका हातात घड्याळजीसारखं भिंग, दुसऱ्यात तो हिंदी कागद.

"कालपास्नं वाचतोय," ते म्हणाले. "एकेक ओळ लावाय लई येळ लागला. काल रातीच कळलं हुतं. वाटलं, नजर चुकत असंल. म्हणून आज उजेडात परत वाचलं."

निशिगंधा दारातच थांबली.

"यादीत काठी न्हाई. अन् चिठ्ठी बंद." आबांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "फौजदारबाई, तुम्ही कपड्यांची यादी म्हणला. तवाच मला कळाय पायजे हुतं. कपड्याच्या यादीनं कुणाचा आवाज कापतोय व्हय?"

"आबा..."

"कबूल केलतं तुम्ही."

संयोगिता स्टुलासमोर जमिनीवर बसली. तिचे गुडघे दुखत होते, तरी ती बसली. तिनं सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही. आबांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं.

"टिक वाजलीच न्हाई?"

"नाही वाजली."

आबा मान हलवत राहिले. कारागिराला आपली चूक नेमकी कुठं होती ते कळावं, तशी मान. मग त्यांचा चेहरा पिळवटला. तोंडातून आवाज निघाला नाही, नुसते खांदे हलायला लागले. निशिगंधा पुढं झाली. त्यांनी चाचपडत तिचा हात धरला.

"तुला ठावं हुतं," ते म्हणाले. "बावीस-तेवीस वर्सं. अन् तू माझं रोज ऐकून घेत हुतीस."

"आबा, तुमची चूक नव्हती."

"माझीच हुती, पोरी. भीमाप्पा सांगत हुता. म्या ऐकलं न्हाई." जरा वेळानं त्यांनी विचारलं, "माझी काठी कुठं हाय?"

७

रविवारी प्रदर्शनात पिराजी खाड्यांच्या टेबलावर सातही काठ्या होत्या. आबांनी हट्टच धरला होता. विश्वजितनं छापून आणलेला मोठा फलक त्यांनी भिंतीकडं तोंड करून ठेवायला लावला. त्याच्याऐवजी प्रत्येक काठीपुढं एकेक पुठ्ठा होता. आबांनी सांगितलं आणि निशिगंधानं तिच्या नेटक्या अक्षरात लिहिलं. वाट्या कुणी ओतल्या तेही प्रत्येक पुठ्ठ्यावर होतं. भीमाप्पा ते पुन्हा पुन्हा वाचत उभे होते.

दुसऱ्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं:

'काठी क्रमांक दोन. सन २००१. स्प्रिंग कडक. खूण वाजण्याआधी दाब सुरुंगावर जातो. उभ्यानं टोचू नये. या काठीच्या जोडीची काठी वापरताना नाईक धैर्यशील पिराजी खाडे गेला. काठी करणारा, पिराजी खाडे.'

कॉलेजातली मुलं हसत-बोलत यायची, सात नंबरच्या काठीची टिक वाजवून बघायची, आणि दुसऱ्या पुठ्ठ्यापाशी गप्प व्हायची.

अकराच्या सुमारास सुभेदार आले. त्यांनी पुठ्ठा वाचला. बराच वेळ लागला त्यांना. मग ते आबांसमोर जाऊन उभे राहिले.

"आबा, मी गणपत देसाई. मी तिथं हुतो."

"ठावं हाय."

"पावसानं सुरुंग जागचं सरकलं हुतं त्या साली. सगळा दोष काठीचा न्हवता."

आबांनी त्यांच्याकडं बघितलं. नजर पोचत नव्हती, तरी बघितलं. "तसं असंलबी, सुभेदार. ते तुमास्नी ठावं न्हाई अन् मलाबी न्हाई. स्प्रिंग कडक हुती, तेवढं ठावं हाय." मग त्यांनी शेजारची खुर्ची हातानं चाचपून पुढं ओढली. "बसा. त्यो तिथं कसा असायचा, ते सांगा. काय जेवायचा, कुणासंगं बोलायचा. मला त्यातलं काय बी ठावं न्हाई."

दुपारी जेवणाची सुट्टी झाली तरी ते दोघं तसेच बसून होते. बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. आबांनी ते विचारलंही नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी संयोगिता चहाला गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बोलावणं आलं नाही, आणि आपण होऊन जायला तिचं पाऊल उचललं नाही. आबांच्या मनात राग नव्हता. गल्लीत तिचा आवाज आला तर ते हात वर करायचे. पण शेडमधला लेथ पुन्हा सुरू झाल्याचं कुणी ऐकलं नाही. तिनं कितीतरी वेळा तो दुपारचा प्रसंग मनात उलटून पाहिला. कागद पर्समध्ये टाकला असता तर. काठी न शोधताच परत आले असते तर. पोलिसात असताना खरं बाहेर आलं की काम संपायचं, पुढं त्या घराचं काय झालं हे बघायला तिला कधी थांबावं लागलं नव्हतं.

दोन महिन्यांनी भाजी मंडईत निशिगंधा भेटली. दोघी मेथीच्या ढिगापाशी समोरासमोर आल्या. संयोगितानं आबांची तब्येत विचारली.

"बरे आहेत. डोळ्याचं ऑपरेशन झालं. सुभेदार महिन्यातून एकदा येऊन जातात."

"माझ्यावर राग आहे तुझा?"

निशिगंधानं मेथीची जुडी उचलली, खाली ठेवली.

"राग नाही. तुम्हाला खरं सांगू? तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता यायचं नाही." ती थांबली. "इतक्या वर्षांनी मला रात्री झोप लागायला लागलीय, फौजदारबाई. अंथरुणावर पडलं की लागते, लहान पोरासारखी. आणि पलीकडच्या खोलीत आबा जागे असतात."